आठ व्हॉल्व्हच्या जिप्सीत सोळा व्हॉल्व्हचे कनेक्टिंग रॉड: काय मोजायचं आणि काय परत करायचं

प्रश्न असा आहे. इंदूरची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरचं आठ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना एअर फिल्टरवाटे पाणी आत गेलं आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. खोलल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) वाकलेला निघाला. मिस्त्रींकडे सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (इंधन इंजेक्शनच्या) इंजिनातून निघालेले चार रॉड आहेत. ते म्हणतात, एकाच कंपनीचं, एकाच सीसीचं इंजिन आहे, डोळे मिटून बसवा. दुसरा कुणी झेनचे रॉड चालतील म्हणतो, तिसरा जुन्या बलेनोचे. कुणाचं ऐकावं? आणि वाकलेला तेवढा एकच बदलून भागेल का?

झेन आणि बलेनोचा विषय आधी मिटवून टाका, ते रॉड घेऊ नका. सोळा व्हॉल्व्हचे रॉड बसू शकतात, पण मोजल्याशिवाय हो म्हणू नका, आणि बसवायचे तर चारही बसवा. तीन जुने आणि एक परका असं मिश्रण करू नका. तुमच्याच आठ व्हॉल्व्ह इंजिनाचा चांगला सेट मिळत असेल तर तोच पहिला घ्यावा, कारण मग खाली लिहिलेल्या तपासणीतला अर्धा भाग आपोआप गळतो.

झेन-बलेनोचं कारण साधं आहे. तिन्ही इंजिनं सुझुकीच्या जी-सीरिजची, म्हणून लोकांना ती सख्खी भावंडं वाटतात. पण झेनच्या ९९३ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६१ मिमी. तुमच्या १२९८ सीसीचा बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. बलेनो सेडानच्या १५९० सीसीचा बोअर ७५, स्ट्रोक ९०. क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो ती जागा) केंद्रापासून जितकी लांब, तितका पिस्टन वर येतो आणि हे अंतर स्ट्रोकच्या निम्मं असतं: ३०.५, ३७.७५ आणि ४५ मिमी. म्हणजे प्रत्येक पायरीला ७.२५ मिमीचा फरक. तो कुठेतरी सामावून घ्यावा लागतो, ब्लॉकच्या उंचीत, रॉडच्या लांबीत नाहीतर पिस्टनमध्ये. बलेनोचा ब्लॉकच उंच आहे. अशा इंजिनाचा रॉड त्याच्या क्रँक, ब्लॉक आणि पिस्टनच्या संसारातला असतो. तो एकटा उचलून दुसऱ्या घरात नांदत नाही.

तुमच्या इंजिनात आणि सोळा व्हॉल्व्हच्या १२९८ सीसीत बोअर-स्ट्रोक एकच आहे, ७४ बाय ७५.५. मिस्त्रींचा भरवसा यावरच उभा आहे, आणि तो अर्धाच बरोबर आहे. बोअर-स्ट्रोक सारखा असल्याने क्रँकची फेक सारखी ठरते. रॉडच्या दोन टोकांबद्दल (छोटं पिस्टनकडचं, मोठं क्रँककडचं) त्यातून काहीच कळत नाही.

गॅरेजमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा लांबीवर येऊन थांबतो. दोन रॉड शेजारी धरले, दोन्ही टोकांतून पिना आरपार गेल्या, की "सेम आहे" म्हणून मोकळे. लांबी महत्त्वाची आहेच. पण लांबी चुकली तर ती बांधतानाच उघडी पडते, पिस्टन वर टेकतो किंवा खाली राहतो, हाताने क्रँक फिरवताना समजतं. हजार-दोन हजार किलोमीटर चालल्यावर जी इंजिनं फुटतात, ती वेगळ्या कारणांनी: छोट्या टोकात पिन कशी धरलेली आहे, मोठ्या टोकाचा गोल खरंच गोल आहे का, कॅप (मोठ्या टोकाचा बोल्टने जोडलेला सुटा अर्धा भाग) त्याच रॉडची आहे का, बोल्ट ताणलेला आहे का, आणि चौघांचं वजन जुळतं का. पुढच्या उत्तरात जास्त जागा यांनाच दिली आहे.

रॉडकडे वळण्याआधी पाण्याने आणखी काय बिघडवलं ते पाहा. पाणी दाबलं जात नाही. कॉम्प्रेशनला वर जाणारा पिस्टन पाण्यावर अडतो, फ्लायव्हील मात्र फिरायचं थांबत नाही आणि सगळा जोर रॉडच्या दांड्यावर येतो. पाणी बहुधा एकाच सिलिंडरपुरतं जात नाही. म्हणून "बाकीचे तीन ठीक दिसतात" याला अर्थ नाही, अर्धा मिलिमीटरचा बाक डोळ्याला दिसत नाही. सगळे रॉड सरफेस प्लेटवर तपासून घ्या. सांवेर रोड किंवा पोलोग्राउंड भागातल्या ज्या वर्कशॉपात डायल गेज (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारं) आणि मँड्रेल (अचूक मापाच्या दांड्या) आहेत तिथे हे काम होईल. दोन्ही टोकांत घट्ट मँड्रेल घालायचे आणि १०० मिमी लांबीवर फरक पाहायचा. बाक ०.०५ मिमीच्या आत आणि पीळ ०.१० मिमीच्या आत हवा. त्याबाहेरचा रॉड बाद. प्रेसखाली किंवा हातोड्याने सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. एकदा वाकून सरळ केलेल्या पोलादात ताण उरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

क्रँकही व्ही-ब्लॉकवर दोन टोकांना टेकवून मधल्या मेन जर्नलवर (क्रँक ब्लॉकमध्ये टेकते तो गोल भाग) डायल लावून फिरवा. रनआउट (फिरताना काटा हलतो तो फरक) ०.०६ मिमीच्या वर गेला तर आधी क्रँकचं बघा, रॉडचं नंतर. प्रत्येक क्रँकपिन दोन जागी आणि दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०१ मिमीहून जास्त असेल तर ग्राइंडिंग लागेल, आणि मग बेअरिंगही ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइजच्या (घासून बारीक झालेल्या पिनसाठीच्या) घ्याव्या लागतील. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचे आहेत. तिसऱ्या लायनरच्या खालच्या कडेला वाकलेल्या रॉडचा घाव बसलाय का, हे टॉर्च आत धरून आणि नखाने चाचपून बघा.

आता लांबी. रॉडची लांबी म्हणजे दोन गोलांच्या केंद्रांमधलं अंतर. शेल (बेअरिंगचे दोन अर्धगोल) काढून, कॅप टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळून, दोन्ही गोलांचे व्यास मोजा. मग दोन गोलांच्या आतल्या कडांमधलं सर्वांत कमी अंतर घ्या आणि त्यात दोन्ही व्यासांची निम्मी निम्मी मापं मिळवा. चारही परके रॉड एकमेकांत ०.०५ मिमीच्या आत जुळावेत. तुमच्या सरळ निघालेल्या जुन्या रॉडशी तुलना करा, वाकलेल्याशी नको.

एवढ्यावर विसंबू नका, इंजिनालाच विचारा. पहिल्या सिलिंडरमध्ये तुमचा जुना सरळ रॉड आणि पिस्टन रिंगा न घालता बसवा, डायल गेज ब्लॉकच्या माथ्यावर ठेवा आणि टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) पिस्टन माथ्यापेक्षा किती वर किंवा खाली येतो ते लिहून ठेवा. माप पिस्टनच्या माथ्यावर गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही कडांना घ्या आणि सरासरी काढा. आडव्या दिशेने घेतलंत तर पिस्टन डुलतो आणि खोटं माप मिळतं. मग त्याच पिस्टनला नवा रॉड लावून तेच माप पुन्हा घ्या. दोन आकड्यांतला फरक हाच खरा लांबीचा फरक.

हा फरक किती महाग पडतो, ते हिशोबाने बघू. चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर पिस्टन वर असताना हेड, पॅकिंग वगैरे मिळून ४०.६ सीसी जागा उरते. ७४ मिमी बोअरमध्ये पिस्टन १ मिमी वर आला की ४.३ सीसी जागा कमी होते. उरले ३६.३ सीसी, रेशो ९.९ च्या वर गेला. उलट १ मिमी खाली राहिला तर रेशो ८.२ वर उतरतो. पहिल्या वेळी चढावर इंजिन ठोकतं, दुसऱ्या वेळी ओढच राहत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा सोडून देऊ नये. आणि पॅकिंग दाबल्यानंतर पिस्टनचा सपाट भाग व हेड यांच्यात निदान ०.८ ते १.० मिमी अंतर राहायलाच हवं. इंजिन गरम होतं, रॉड ताणला जातो, बेअरिंगचा गॅप वर येतो आणि या तिघांची बेरीज त्या अंतरातून वजा होते.

रॉडबरोबर मिस्त्रींनी सोळा व्हॉल्व्हचे पिस्टनही पुढे केले तर घेऊ नका. त्यांच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हचे खळगे चार व्हॉल्व्हच्या हेडसाठी असतात, तुमच्या हेडखाली रेशो आणि ज्वाळेचा मार्ग दोन्ही बदलतात.

आता जिथे सर्वाधिक चुका होतात त्या छोट्या टोकाकडे येऊ. गजन पिन दोन प्रकारे बसते. एका प्रकारात ती रॉडच्या छोट्या टोकात दाबून घट्ट बसवलेली असते आणि हलते फक्त पिस्टनच्या भोकात. दुसऱ्या प्रकारात रॉडमध्ये पितळी-कांस्याचा बुश असतो, पिन रॉडमध्येही फिरते आणि पिस्टनमध्येही, आणि ती बाहेर पडू नये म्हणून पिस्टनच्या दोन्ही बाजूंना सर्क्लिप (खोबणीत बसणाऱ्या तारेच्या कड्या) असतात. रॉड हातात घेऊन छोट्या टोकात बघा. आत पिवळसर बुश आणि वरच्या बाजूला तेलाचं भोक किंवा खाच दिसली तर तो फिरत्या पिनचा रॉड. आत नुसतं पोलाद असेल तर दाबून बसवायचा. मग पिस्टनच्या पिनभोकाच्या कडेला सर्क्लिपची खोबण आहे का ते बघा.

बुशवाला रॉड आणि बिनखोबणीचा पिस्टन, ही जोडी कधीही, कोणत्याही कारणाने लावू नका. पिनला धरणारं कुणीच उरत नाही. ती एका बाजूला सरकते आणि लायनरवर वरपासून खालपर्यंत खोल चर पाडते. अशा वेळी पिस्टनला टेफ्लॉनची बटणं लावून देतो, असं कुणी सुचवलं तर रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत तो प्रयोग नको. उलटी जोडी, म्हणजे दाबून बसवायचा रॉड आणि खोबणीचा पिस्टन, चालू शकते. मात्र पिनचा व्यास तोच हवा आणि पिस्टनमध्ये पिन पुरेशी मोकळी हवी, कारण आता सगळं फिरणं पिस्टनमध्येच होणार. ०.००५ ते ०.०१५ मिमी मोकळीक ठीक. पिन स्वच्छ करून, इंजिन ऑइलचा थेंब लावून भोकात धरा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने ती सरकावी, पण सोडल्यावर आपल्या वजनाने घसरून पडू नये.

दाबून बसवायच्या रॉडमध्ये छोट्या टोकाचं भोक पिनपेक्षा सुमारे ०.०२ ते ०.०४ मिमीने लहान असतं. बोअर गेज आणि मायक्रोमीटरने मोजूनच खात्री करा. एकदा-दोनदा पिन काढून घातलेल्या रॉडचं भोक घासून मोठं झालेलं असतं आणि ०.०१ मिमीची पकड घेऊन तो रॉड तुमच्याकडे येतो. बसवताना घट्ट वाटतो, गरम झाल्यावर सोडतो. बसवण्याची बरी पद्धत म्हणजे छोटं टोक सुमारे २५० अंशांपर्यंत गरम करून थंड पिन एका झटक्यात सरकवणं. पिन मध्यावर थांबावी यासाठी स्टॉपर आधीच लावून ठेवा, कारण दोन-तीन सेकंदांत रॉड पिनला पकडतो आणि मग ती हलत नाही. गॅसच्या ज्वाळेत रॉड निळा पडेपर्यंत तापवणं चूक आहे. थंडच दाबायची असेल तर पिस्टनला पिनच्या आकाराचा आधार द्या. नुसत्या लाकडावर ठेवून प्रेस मारला की पिस्टनच्या कण्याला (पिनभोकाभोवतीच्या जाड भागाला) बारीक तडा जातो आणि तो तेव्हा दिसत नाही.

पिनचा व्यासच वेगळा निघाला तर? नव्या रॉडचं भोक मोठं आणि तुमची पिन बारीक असेल तर काही जण बुश ठोकून देतात. बुशची भिंत १ मिमीपेक्षा पातळ होत असेल, किंवा बुश मशीनवर केंद्र धरून बोअर करण्याऐवजी हातरीमरने करणार असतील, तर तो रॉड नको. केंद्र ०.१ मिमीने सरकलं तरी चौघांच्या लांब्या चार होतात. भोक लहान आणि पिन जाड असेल तर रॉडच्या टोकातलं धातू कमी करावं लागेल. ते नकोच.

छोट्या टोकाची रुंदीही पाहा. पिस्टनच्या दोन कण्यांमध्ये रॉडच्या दोन्ही बाजूंना जवळपास १ मिमी जागा हवी. रॉड बाजूने सरकण्याची मर्यादा मोठ्या टोकाकडे ठरते, छोटं टोक कशालाही टेकू नये.

मोठ्या टोकात पहिली गोष्ट कॅप. रॉड आणि कॅप एकत्र जोडूनच कारखान्यात बोअर केलेले असतात, म्हणून कॅप तिच्याच रॉडवर, त्याच बाजूने बसली पाहिजे. जोडाच्या जागी दिवा धरून बघा. बाजूला कोरलेले आकडे एकमेकांसमोर येतात का, ग्राइंडिंगच्या रेषा रॉडवरून कॅपवर अखंड जातात का, नखाला पायरी लागते का. चार रॉड एका डब्यात सुटे पडलेले असतील आणि कॅप कुणाची कोणती हे सांगता येत नसेल, तर तो सेट फुकट मिळाला तरी महाग आहे. बऱ्याच नव्या इंजिनांत रॉड मुद्दाम तोडून कॅप वेगळी करतात, जोडाचा भाग फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरबरीत दिसतो. तिथे तर चुकीची कॅप एकदा आवळली तरी दोन्ही भाग खराब होतात.

शेल न घालता कॅप पूर्ण टॉर्कला आवळा आणि बोअर गेजने गोल तीन दिशांना मोजा: उभ्या रेषेत आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर. जोडाच्या अगदी रेषेवर मोजू नका. तिन्ही मापांत ०.०२ मिमीहून जास्त फरक असेल तर गोल लांबट झालाय. तो दुरुस्त होतो. कॅपचा जोड किंचित घासून गोल पुन्हा मूळ मापाला होन करतात. पण त्याने केंद्रांमधलं अंतर थोडं कमी होतं, म्हणून चारही रॉडना सारखंच करून घ्यावं आणि नंतर लांबी पुन्हा मोजावी.

या गोलाचा व्यास तुमच्या जुन्या रॉडच्या गोलाएवढाच हवा. तो जुळला नाही तर तुमच्या क्रँकपिनला आणि त्या रॉडला एकत्र चालेल असा शेल मिळत नाही. शेलच्या पाठीमागे कागद, पत्रा किंवा शिम घालून गॅप भरणं हा इंजिन मारण्याचा हमखास उपाय आहे. शेलची पाठ आणि रॉडचा गोल यांच्यात काहीही नको, तेलही नको. कोरड्या मलमलने पुसून बसवा. शेलची टँग (कडेची बाहेर आलेली जीभ) रॉडच्या खाचेत नीट बसते का, रॉड आणि कॅपच्या खाचा एकाच बाजूला येतात का, हेही पाहा.

तेलाचा गॅप मोजायला प्लास्टिगेज (दाबल्यावर चपटा होणारा मऊ प्लास्टिकचा धागा) वापरा. क्रँकपिन आणि शेल कोरडे पुसा, प्लास्टिगेजचा तुकडा पिनच्या लांबीत ठेवा, कॅप टॉर्कला आवळा, उघडा, आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी जुळवा. या दरम्यान क्रँक तसूभरही फिरू देऊ नका. क्रँकपिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा गॅप हा जुना आणि खरा अंदाज आहे. ४२ मिमीची पिन असेल तर साधारण ०.०४ मिमी. ०.०८ च्या पुढे गेला तर तेलाचा दाब गरम इंजिनात आयडलला टिकणार नाही. पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसली तर क्रँकपिन निमुळती झाली आहे किंवा रॉड वाकडा आहे. बाजूचा गॅप फीलर गेजने बघा, ०.१० ते ०.३० मिमी. परका रॉड रुंद असेल तर हा गॅपच उरत नाही आणि शेलची कड क्रँकपिनच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर चढते.

बोल्टांबद्दल. जुना बोल्ट नव्या बोल्टशेजारी धरून लांबी बघा. मग नट बोटांनी आट्यांवर शेवटपर्यंत फिरवा. मध्येच कुठे जड झाला तर तिथे बोल्ट ताणला गेलाय, फेकून द्या. चारही रॉडचे बोल्ट-नट नवे घालणं मला योग्य वाटतं. मात्र नवे बोल्ट ठोकल्यावर कॅप किंचित सरकते, म्हणून गोल पुन्हा मोजावा लागतो. या आठ व्हॉल्व्हच्या जी-सीरिज इंजिनांत रॉडच्या नटाचा टॉर्क सुमारे ३५ न्यूटन-मीटर असतो. पण टॉर्क बोल्टाचा असतो, ब्लॉकचा नाही. सोळा व्हॉल्व्हच्या रॉडला वेगळ्या जाडीचा बोल्ट असेल तर त्या आवृत्तीचा टॉर्क लावा. अंशांत फिरवून आवळायचा बोल्ट असेल तर तो एकदाच वापरायचा. आट्यांना इंजिन ऑइल लावा, १५, २५ आणि ३५ अशा तीन टप्प्यांत दोन्ही नट आळीपाळीने आवळा.

आता वजन, कारण एकच रॉड बदलून भागेल का, याचं उत्तर इथे आहे. ६००० आरपीएमला टीडीसीजवळ पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट त्वरण असतं. म्हणजे छोट्या टोकाकडे १० ग्रॅमचा फरक हा त्या क्षणी २० किलोचा झटका होतो, मिनिटाला ६००० वेळा. चार सिलिंडरच्या ओळीतल्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि एकमेकांना तोलतात. चारही रॉड सारखेच १५ ग्रॅमने जड असतील तर तोल बिघडत नाही, बेअरिंगवर भार थोडा वाढतो एवढंच. पण तीन हलके आणि एक जड झाला की तो तोल मोडतो. गाडी ८० च्या पुढे गेल्यावर स्टिअरिंगमध्ये, फ्लोअरमध्ये थरथर येते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

मोजायला सोनारासारखा किंवा किचनचा ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. आधी पूर्ण रॉड, कॅप आणि नटासकट. चौघांत ३ ग्रॅमच्या आत यावं. मग टोकांचं वेगळं वजन: मोठं टोक काट्यावर टेकवा, छोटं टोक दोऱ्याने वरून टांगा, रॉड अगदी आडवा ठेवा, आकडा लिहा. मग उलट. आडवा नसेल तर आकडा बदलतो, म्हणून चारही वेळा दोऱ्याची लांबी तीच ठेवा. जड रॉडचं धातू कमी करायचं तर मोठ्या टोकाच्या कॅपखालच्या आणि छोट्या टोकावरच्या उंचवट्यावरूनच. दांड्याला हात लावू नका. दांड्यावर आडवी कानस किंवा ठोकलेला नंबर हीच तड्याची पहिली जागा असते. पॉलिश करायचं झालं तर लांबीच्या दिशेने. पिस्टन आणि पिनही त्याच काट्यावर बघा आणि जड रॉडला हलका पिस्टन जोडून बेरीज जुळवा.

कुणाच्या हाताखालून गेलेला सेट घेताय, म्हणून बसवण्याआधी तड्याची तपासणी करून घ्या. मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट उत्तम. नाही जमलं तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून बोल्टच्या बैठकीजवळ, दांडा टोकांना मिळतो तिथे आणि छोट्या टोकाच्या वर लक्ष द्या. केसाएवढी लाल रेघ दिसली तरी रॉड भंगारात.

बसवताना पिस्टनवरचा बाण पुलीकडे आणि रॉडमधलं तेल उडवणारं भोक इनटेकच्या बाजूला. परक्या रॉडला हे भोक उलट्या बाजूला असेल तर रॉड फिरवून घालू नका, बऱ्याच रॉडांत दोन टोकं मध्यापासून किंचित सरकवलेली असतात. तो सेट परत करा. प्रत्येक रॉड आवळल्यावर क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा. दोन रॉडपर्यंत सहज फिरणारी क्रँक तिसऱ्यानंतर एकदम जड झाली तर तिथेच थांबून तो रॉड उघडा. सगळे लावून मग एकदम फिरवून बघायचं ठरवलंत तर दोषी कोण ते कळत नाही. फिरवताना वाकून पाहा: रॉडचा खांदा किंवा बोल्टचं डोकं ब्लॉकच्या आतल्या भिंतीला, आणि बीडीसीला (पिस्टन सर्वांत खाली असताना) पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) क्रँकच्या वजनाला घासत नाही ना. निदान १.५ मिमी मोकळं असावं. पहिल्या पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या मातीचा पातळ थर लावून, जुनं पॅकिंग घालून हेड तात्पुरतं आवळा, टायमिंग जुळवून दोन फेऱ्या फिरवा आणि मातीची जाडी ब्लेडने कापून मोजा. व्हॉल्व्हच्या जागी आणि कडेला, दोन्हीकडे.

ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे आरसीवरचा इंजिन नंबर बदलत नाही. पूर्ण इंजिन बदललं असतं तर आरटीओत नोंद लागली असती.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने तेलाचा दिवा विझेपर्यंत फिरवा. पहिले ५०० किलोमीटर ३००० आरपीएमच्या आत ठेवा, पण एकाच वेगाने सलग बायपासवर नाही. वेग कमी-जास्त करत चालवा. या काळात सिमरोलच्या पुढे भेरू घाटात भरल्या गाडीने चढवू नका, कमी आरपीएमवर जोर लावणं नव्या बेअरिंगला वेगाइतकंच वाईट. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा. पहिल्यांदा थोडी राखाडी चकाकी असतेच. तांबूस किंवा पितळी कण दिसले तर शेल किंवा बुश जातोय.

आवाजावरून बरंच कळतं. गरम इंजिनात आयडलला किंवा हलक्या रेसवर दुहेरी, धातूसारखी टक-टक आली तर गजन पिन. २००० ते २५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर सोडताना खोल ठोका आला तर मोठं टोक. त्या सिलिंडरची प्लग वायर टेस्टरने अर्थ केली आणि ठोका मंदावला तर मोठ्या टोकाचा संशय पक्का. इंजिन तिथेच बंद करा, गाडी टो करून न्या आणि चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून त्या सिलिंडरचे शेल काढा. वरच्या शेलला एका कडेला आणि खालच्याला विरुद्ध कडेला चकाकी असेल तर रॉड वाकडा आहे. जोडाच्या रेषेजवळ दोन्ही बाजूंनी घासलं असेल तर कॅप सरकलेली किंवा दुसऱ्या रॉडची आहे. मधोमध तांबं उघडं पडलं असेल तर गॅप कमी होता किंवा तेल पोचलं नाही, आणि पाठीवर काळे चकाकते डाग असतील तर शेल गोलात फिरत होता, म्हणजे रॉडचा गोल मोठा आहे.